प्लॉटरनं न खाल्लेली भिंत

अकरा वर्षं मी एका भल्या माणसाला त्याची नसलेली चूक सांभाळू दिली. आता सगळं सांगून झालंय, हसूनही झालंय, म्हणून लिहायचा धीर होतोय. एरवी माझ्या तोंडून शब्द काढणं किती अवघड आहे ते माझ्या नवऱ्याला विचारा. तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, "हिला चहा घेणार का विचारलं, तर उत्तर येईपर्यंत चहा गार होतो."

मी घरी बसून घरांचे नकाशे काढते, कॅडवर. ऑफिस नाही, पाटी नाही. गुत्तेदार, म्हणजे बांधकामाचे ठेकेदार, येतात, वहीच्या पानावर पेनानं रेखाटलेलं काहीतरी देतात, आणि मी त्याचा मिस्तरीला वाचता येईल असा नकाशा करते. काढायला मजा येतेच, पण खरं सुख शेवटी असतं, नकाशा कागदावर उतरवायच्या तयारीत. स्क्रीनवर सगळ्या रेषा सारख्या बारीक दिसतात. कागदावर तसं चालत नाही. भिंती ठसठशीत आल्या पाहिजेत, दारं-खिडक्या त्यापेक्षा बारीक, मापांच्या रेषा आणखी बारीक, आणि फरशीच्या रेघा तर अशा की आहेत एवढं कळावं, डोळ्यांत खुपू नयेत. आकडे एवढे मोठे हवेत की उन्हात उभ्या, सिमेंटच्या हातांनी कागद धरलेल्या माणसाला चष्मा शोधावा लागू नये. मग कागदाचा आकार, प्रमाण, खालच्या कोपऱ्यात घरमालकाच्या नावाचा चौकोन. शहराचं नाव बदललं तेव्हा या चौकोनानं मला दोन दिवस खेळवलं. 'औरंगाबाद' ऐसपैस बसत होतं, 'छत्रपती संभाजीनगर' मावेना. अक्षरं लहान करून बघितली, तर मुंग्या चालल्यासारखी दिसायला लागली. शेवटी चौकोनच रुंद केला आणि उत्तर दिशेचा बाण वर सरकवला. असल्या कामात माझी अख्खी दुपार आनंदात जाते.

तयार फाइल पेनड्राइव्हवर घेऊन मी औरंगपुऱ्यात जाते. भांड्यांच्या दुकानाला लागून एक उभा जिना आहे, त्याच्या वरच्या टोकाला चाचांचं दुकान. चाचा पासष्टीचे असतील. अमोनियाच्या वासाच्या निळ्या प्रिंटा निघायच्या त्या काळापासून ते कागदच हाताळत आलेत. आता खिडकीखाली बाजेएवढा रुंद प्लॉटर, म्हणजे नकाशे छापायचं मशीन, आहे, पण कागद अजून ते चिमटीत धरून, कानाशी हलवून पारखतात. नकाशा काढणं मात्र त्यांना येत नाही, आणि ते लपवतही नाहीत. "बनानेवाले तुम लोग, अपन छापनेवाले," असं म्हणतात. फाइल उघडायची, रोल लावायचा, प्रिंट द्यायची, एवढंच त्यांचं काम.

एवढंच नाही, आणखी एक आहे. चाचांच्या दुकानातून प्रिंट अशी गुंडाळून हातात मिळत नाही. ते ती टेबलावर पसरतात, चार कोपऱ्यांवर वजनं ठेवतात आणि उजव्या हाताचं पहिलं बोट घेऊन त्या घरात शिरतात. मोठ्यानं बोलत.

"गेट खोला. चप्पल निकाली. ये हॉल. बैठो, पानी पियो. अब किचन... दरवाजा किधर है? हां, है. हात धोये. अब सोने को चलो..."

बोट प्रत्येक दारातून जातं. भिंतीवरून कधी उडी मारत नाही. भिंत आली की वळसा घालतं. मध्येच स्क्रीनकडे बघून चाचा खात्री करतात. घर मोठं असलं तर दहा मिनिटं मोडतात. ताटकळलेली तरुण मंडळी चिडवतात, "चाचा, दुसऱ्या मजल्यावर लिफ्टनं जा की, पाय दुखतील तुमचे." पण याच बोटानं आजवर दार नसलेली दोन न्हाणीघरं, आणि ज्याच्या डोक्यावर तुळई येईल असा एक जिना पकडलाय. गावभरचे गुत्तेदार म्हणतात की चाचांच्या बोटाखालून गेलेल्या घरात राहायला भ्यायचं कारण नाही. याला सगळे 'चाचांची वास्तुशांती' म्हणतात, आणि चाचांनाही ते नाव पसंत आहे.

ही पद्धत ज्या दिवसापासून सुरू झाली तो दिवस माझ्यामुळे आला, हे मला एकटीला माहीत होतं.

अकरा वर्षांपूर्वी सोयगावकडचा एक माणूस माझ्याकडे नकाशाला आला. घराण्यात मेंढ्या राखायचं काम, पण हा टेम्पो चालवायचा. हर्सूलच्या पुढं जागा घेतलेली. त्यांच्या घरात स्लॅबचं घर हे पहिलंच. नकाशा जवळपास झाला होता आणि ऐन वेळी त्यानं सांगितलं, "हॉल दोन फूट मोठा करा, मॅडम. आमचे पाव्हणे आले की पंचवीस येतात." म्हणजे हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत दोन फूट आत सरकवायची. मी जुनी भिंत पुसली, नवी काढली, तिच्यात दार बसवलं.

आता चूक सांगते. कॅडमध्ये नकाशा थरांवर काढतात, त्याला लेयर म्हणतात. त्यातला एक लेयर असा असतो की त्याच्यावरची रेषा स्क्रीनवर छान दिसते, पण कागदावर कधीच उमटत नाही. मी माझ्या कच्च्या, अंदाजाच्या रेषा त्याच्यावर काढते. त्या दिवशी बहिणीचं डोहाळजेवण होतं, फुलांचे दागिने माझ्याकडे होते, आणि माझं अर्धं लक्ष मोगऱ्यात. नवी भिंत मी त्या कच्च्या लेयरवर काढली, दारासकट. चाचांकडून गुंडाळी घेतली, न उलगडता गुत्तेदाराला पोचवली आणि गजरे घेऊन बहिणीकडे पळाले. डोहाळजेवण फार सुंदर झालं. अजून फोटो बघते तेव्हा पहिल्यांदा मला ती भिंत आठवते.

पुढं स्लॅब पडल्यावर टेम्पोवाला महिनाभराच्या खेपेवर गेला. आला तेव्हा आतल्या भिंती उभ्या होत्या, ओटा झाला होता, फरशी बसली होती, आणि हॉलमधून थेट चुलीपर्यंत नजर जात होती. गुत्तेदारानं कागद पुढं केला, "ह्याच्यात भिंत नाय. मी कुठून बांधू?" टेम्पोवाला तो कागद घेऊन तडक चाचांच्या दुकानात. योगायोगानं मी तिथंच होते.

"चाचा, माझी भिंत कुठंय?"

चाचांनी फाइल उघडली. स्क्रीनवर भिंत होती. कागदावर नव्हती. त्यांनी दोनदा बघितलं, तीनदा बघितलं. जिन्यापर्यंत गिऱ्हाइकं उभी, आणि हा माणूस ओरडतोय, "बाईमाणसानं पाव्हण्यांच्या म्होरं भाकऱ्या थापायच्या का? तुमच्या मशीननं माझ्या घराची अब्रू खाल्ली!"

चाचांनी प्लॉटरवर हात ठेवला. आजारी जनावरावर ठेवतात तसा. म्हणाले, "खा गई. सच में खा गई. गलती मेरी है, भाई. मैंने देखना था."

फाइल बघायला मी पुढं झाले होते आणि माउस माझ्या हाताखाली होता. मी त्या भिंतीवर एकदा क्लिक केलं आणि वर कोपऱ्यात त्या कच्च्या लेयरचं नाव उमटलं. बाकी कुणाला त्याचा अर्थ कळणार नव्हता. मी फाइल बंद केली.

एवढ्यावर थांबले असते तरी मी स्वतःला घाबरट म्हणून माफ केलं असतं. दुसऱ्या दिवशी मी घरी ती भिंत योग्य लेयरवर घेतली, पेनड्राइव्ह घेऊन गेले आणि साळसूदपणे म्हणाले, "चाचा, पुन्हा काढून बघा बरं." भिंत लख्ख उमटली. चाचा म्हणाले, "देखो! आज बराबर आई. मतलब उस दिन मशीन ने ही खाई थी." त्यांच्या निर्दोषपणाचा पुरावा मी स्वतःच्या हातानं पुसला, आणि उलटा पुरावा तयार करून त्यांना नेऊन दिला. त्याच दिवसापासून ते बोट चालायला लागलं.

त्या ईदला चाचा शीरखुर्म्याचा डबा घेऊन त्या घरी माफी मागायला गेले. टेम्पोवाला वरमला, जेवूनच जा म्हणाला. पुढच्या ईदला चाचा पुन्हा गेले. मग ते चालूच राहिलं. भिंत मात्र कधी झाली नाही. वास्तुशांतीनंतर बांधू, दिवाळीनंतर बांधू, पोरीच्या परीक्षेनंतर बांधू, असं होत होत राहून गेली. हे सगळं मला चाचाच सांगायचे, हौसेनं. मी "हं" म्हणायची.

या वर्षी चाचांची मुलगी दुकानात बसायला लागली. पॉलिटेक्निक झालेली, चार वर्षं एका ऑफिसात कॅडवर काम केलेली, हजरजबाबी. मध्यंतरी एका दुपारी मी माझी प्रिंट घेत होते आणि चाचा तिला बोटाची चाल शिकवत होते.

"अब्बा, स्क्रीन पे है तो कागज पे आताच," ती म्हणाली. "ये टहलना कायकू?"

"आता नई हमेशा. एक दफा मशीन ने दीवार खाई मेरी. पूछ मॅडम को, सामने खडी थीं."

"मशीन दीवार नई खाती, अब्बा. दाल-चावल है क्या? वो लेयर की बात रहती. एक लेयर रहती, दिखती पर छपती नई."

 पण चाचांनी मान हलवली. "नई बेटा. दूसरे दिन वोइच फाइल से बराबर आई थी. मॅडम खुद लेके आईं."

मुलीनं खांदे उडवले आणि कोपऱ्यांवरची वजनं उचलायला लागली. माझा पुरावा अजून टिकून होता. मी पुन्हा सुटले होते. प्रिंट गुंडाळली, रबर लावलं, जिन्याकडे वळले. आणि मागं चाचांचा आवाज आला, मुलीला समजावणारा, अगदी नरम: "तेरे बाप से एक बार गलती हुई. तेरे से नई होना."

बाप आपली बदनामी मुलीला वारशात देत होता, आणि ती मी लिहून दिलेली होती.

मी वळले. "चाचा, ती फाइल तीच नव्हती."

"कौनसी?"

"दुसऱ्या दिवशीची. मी घरी दुरुस्त करून आणली होती. तुमची मुलगी म्हणतेय तेच झालं होतं. मशीननं काही खाल्लं नाही. माझी चूक होती, आणि मला त्याच दिवशी कळली होती. तुमच्यासमोरच."

एवढी लांब वाक्यं मी त्या दुकानात कधी बोलले नव्हते. चाचा स्टुलावर बसले. मुलीनं पंखा वाढवला. मला वाटलं, आता जा म्हणतील, पुन्हा पायरी चढू नका म्हणतील. त्यांनी हात लांबवून प्लॉटरवरची धूळ पुसली. मग बोलले ते भलतंच.

"और मैं उस घर को किस मुंह से जाऊं अब?"

"म्हणजे?"

"अरे, मैं तो मुजरिम बनके जाता था ना! गलती मेरी, इसलिए डबा मेरा. अब गलती ही नई, तो ईद को जाके बोलूं क्या? 'मेरा कुछ कसूर नई, खाना लगाओ'?"

मुलगी आधी फिसकन हसली. चाचा मात्र खरंच काळजीत होते. मग रागही आला त्यांना, उशिरानं, पण आला. "ग्यारा साल, मॅडम! ग्यारा साल मैं इस मशीन को शक से देखा. दो बार सर्व्हिसवाले को डांटा. बेचारा रोनेको आया था." मी मान खाली घालून ऐकलं. ओरडून झाल्यावर ते उठले, टोपी नीट केली. "चलो. उधरइच चलते. मेरेकू तुमने बताया, उनकू भी तुमइच बताना."

रिक्षात चाचा एक शब्द बोलले नाहीत. अबोल माणसासोबत प्रवास करणं किती अवघड असतं ते मला त्या दिवशी कळलं.

घरी टेम्पोवाल्याची बायको एकटी होती. मी ते घर कागदावर काढलं होतं, आत पाऊल पहिल्यांदाच टाकत होते. ती ओट्यापाशी उभी राहून भाकरी थापत होती, तोंड हॉलकडे. चाचांना बघून तिथूनच ओरडली, "आवो चाचा! ईद कवाची झाली, आज कसं काय? बसा बसा. ह्या कोण?"

"ये नकाशेवाली मॅडम. इनकू कुछ बोलना है."

मी उभ्यानंच सांगितलं. लेयर, फाइल, दुसऱ्या दिवशीची लबाडी, सगळं. ती थापत राहिली, भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. माझं संपलं. मग भाकरी फुगली, तिनं ती उतरवली, आणि चाचांकडं न बघता म्हणाली, "चाचा, आता मीबी सांगते. पण मालकाला सांगू नका."

"अब तुम क्या बताती?"

"चुन्याच्या फक्कीनं भितींची आखनी केली ना, त्या दिशी मी इथं व्हते. मिस्तरी म्हनला, बाई, इथं कायबी नाय कागदात, असंच ठिवायचं का? मला ठावं व्हतं भिंत हाय म्हनून. मालकानंच तर सरकाया लावली व्हती. मी म्हनलं, कागदात नाय ना? मंग नाय."

चाचांचं तोंड उघडंच राहिलं. माझंही.

"असं बघू नका," ती म्हणाली. "माझं निम्मं आयुष्य धुराच्या खोलीत भिताडाकडं तोंड करून गेलं. बाहेर समदे हसायचे. मला हसनं ऐकू यायचं, कशाला हसले ते कदी कळायचं नाय. विचारलं तर म्हनायचे, काय नाय, तुजं चालू दे. आता कसं, हितं हुबी ऱ्हाते, समदं बघते, मीबी मदी बोलते. पाव्हणे आले तर मीच लई बोलते."

चाचांनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात की काय. पण ते हसत होते, अगदी ठसका लागेपर्यंत. "या अल्ला! इन्होंने गायब की, तुमने देखके छुपाई, और तौबा मैं करता रहा!"

ती पाणी घेऊन धावली, तिलाही हसू आवरेना, आणि माझ्या डोळ्यांतून तर पाणीच आलं. अकरा वर्षांचं असेल ते. पण हसता हसता आलं, ते बरं झालं.

त्याच गडबडीत दारात टेम्पोवाला उभा. "काय झालं? मला बी सांगा की."

 चाचांनी हात वर केले, "आज मेरी बारी नई."

मी माझं सांगितलं. त्याची बायको माझ्याकडं बघत होती. तिचं मी बोलणार नव्हतेच. पण तिनं पदर खोचला आणि स्वतःचंही सांगून टाकलं, एका दमात, भाकरी त्याच्या ताटात वाढत वाढत. माणूस घास हातात धरून बसला.

"म्हंजे समद्यांला ठावं व्हतं, मी सोडून?"

"आन् चाचा सोडून," ती म्हणाली.

"उद्याच मिस्तरी बोलावतो. भिंत घालतो."

"घाला की. मंग भाकरीसाठी तिकडून हाळी मारा, ऐकू आली तर दीन."

त्यानं भाकरी मोडली, ठेचा लावला, दोन घास खाल्ले. मग त्याचा आवाज बदलला. "चाचा, मी तुमाला लई बोललो व्हतो. चार मानसांत."

"जाने दो भाई. ग्यारा साल खाना खिलाया ना."

"ते खाण्याचं वायलं. बोललो चार मानसांत, तर चार मानसांतच परत घ्याया पायजे. सोमवारी येतो दुकानात." आणि बायकोकडं बघून, "आन् ईदचा डबा बंद नाय व्हायचा. चूक असू दे, नसू दे."

"मंग, मीबी त्येच म्हनते," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी मी मुद्दाम अकराला दुकानात गेले, तेव्हा गर्दी असते म्हणून. टेम्पोवाला आला. जिना चढून धापा टाकत, धुतलेला सदरा घालून. वर सहाजण उभे होते. त्यातले निम्मे त्या काळी शाळेत असतील. त्यानं सगळ्यांना थांबवलं.

"ऐका हो. अकरा वर्सांमागं मी हितं चाचांला वाईट बोललो. चाचांची चूक नव्हती. मशीनचीबी नव्हती."

सहाजणांना काही कळलं नाही. चाचांनी कागद कापायची कात्री खाली ठेवली. मुलगी माझ्याकडं बघत होती. मी भिंतीला टेकून उभी होते, ती पुढं झाले.

"माझी होती," मी म्हणाले. आवाज बारीक निघाला, म्हणून पुन्हा, जरा मोठ्यानं म्हणाले, "माझी चूक होती."

"बरं मॅडम," मागून एक जण म्हणाला, "पण माझी प्रिंट झाली का?"

सगळं दुकान हसलं. चाचांची मुलगी हसत हसत त्याची फाइल उघडायला गेली, टेम्पोवाल्याला कुणीतरी स्टूल दिलं, आणि चाचांनी खाली चहावाल्याला हाक मारली. मला विचारलं नाही. "मॅडम का भी," एवढंच ओरडले. मी लगेच म्हणाले, "घेते."